हळदोणे ते स्विंडन, मार्गे मस्कत

"कितलीं वरां?" तिने विचारलं.
लोक आधी पैसे विचारतात,
मग सामान किती किलो,
मग खिडकी मिळेल का.
एर्मेलिंद मोंतेरोने छत्री दाराशी टेकवली,
चष्मा पुसला
आणि थेट वरां. किती तास.

म्हापशाच्या बाजारामागे दुसऱ्या मजल्यावर,
जिथे जिन्याने सुक्या बांगड्याचा वास आधी चढतो आणि गिऱ्हाईक नंतर,
अकरा वर्षं मी हे आकडे विकतो.
मोप ते लंडन साडेसात हजार किलोमीटर,
सरळ उडालं तर साडेनऊ तास,
पण सरळ कोण उडतं एवढ्या पैशांत.
मी स्वतः बेळगावच्या पुढे गेलेलो नाही.

"भाचा जातोय, क्लेटन. तू मला
दारापासून दारापर्यंत सांग."
मी पाठकोऱ्या कागदावर मांडलं:
हळदोणे ते मोप एक तास, तिथे तीन,
मस्कतपर्यंत अडीच,
मस्कतला नऊ तास नुसतं बसणं
(तिकीट स्वस्त आहे ते त्या बसण्यामुळे),
पुढे पावणेआठ, हीथ्रोची रांग, मग बस.
सव्वीस.

"सव्वीस नाका," ती म्हणाली. "चून आंबतं."

मग उलगडलं.
पंधरा ऑगस्टचं फेस्त, घरच्या पातोळ्या,
परसातल्या हळदीची पानं.
लेक तिकडे गोदामात रात्रपाळीला, सहा वर्षं झाली.
हळदीचं पान तिथेही मिळतं म्हणे,
प्लास्टिकमध्ये, वास धुऊन काढलेलं.

"गूळ माडाचा, खोबरं नीट परतलेलं,
पान कोरडं पुसलं, तर वीस वरां.
एकविसाव्याला वास बदलतो.
बाविसाव्याला मी कोंबड्यांना घालते."

हे माप मला आजवर कुणी दिलं नव्हतं.
'स्वस्त आधी' वरची खूण मी काढली,
यंत्र जरा घुटमळलं,
आणि मस्कतला पावणेतीन तासच थांबणारं एक विमान दिसलं.
पावणेवीस, दारापासून दारापर्यंत.
अकरा हजार जास्त.
तिने छत्रीकडे पाहिलं, जणू घरचा हिशेब तीच ठेवते.
"कर."

वर मी शहाणपणा केला:
तिथलं घड्याळ साडेचार तास मागे असतं.
ती चमकली. "मग तेवढी वरां पातोळीला जास्त मिळतात?"
नाही हो बाई.
पातोळी हळदोण्याच्या घड्याळानेच आंबते.

छापलेल्या कागदावर नकाशा होता,
वाटेची रेघ धनुष्यासारखी वर गेलेली.
"वाकडं का नेतात?"
मी म्हटलं, पृथ्वी गोल, कागद सपाट,
सगळ्यात जवळची वाट कागदावर वाकडीच दिसते.
तिला ते पटलं नाही, पण नवलही वाटलं नाही.
"पानाचं तसंच," म्हणाली,
"पीठ सारवायचं, मधे चून,
आणि टोक आणून देठाला लावायचं."
बोलता बोलता तिने कागद दुमडला.
मोप आणि हीथ्रो तिच्या अंगठ्याखाली
एकावर एक आले,
आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा.
छत्री विसरून.

चौदाच्या रात्री
मस्कतहून विमान पन्नास मिनिटं उशिरा सुटलं.
मी जेवता जेवता फोनवरचा पिवळा ठिपका बघत होतो,
हुमण गार होत होतं.
बायको म्हणाली, कोण आपलं आहे त्यात?
मी म्हटलं, पातोळ्या.

पावणेवीसचे वीस पस्तीस झाले.
एकविसाव्याला पंचवीस मिनिटं उरतात,
त्यात स्विंडनची बस वेळेवर सुटायला हवी
आणि लेकीने दार लगेच उघडायला.
ठिपका समुद्रावर आहे.
बोटाने पुढे ढकलून पाहिला,
तर नकाशाच सरकला.